गार ब्रेक, गरम ब्रेक

ब्रेक दाबला की गाडी का थांबते, असे नववीच्या वर्गात विचारले तर 'घर्षणामुळे' असे उत्तर चटकन येते. ते बरोबरच आहे. पण मग गाडीची गतिज ऊर्जा गेली कुठे, असे विचारले की वर्ग जरा गप्प होतो. ऊर्जा नष्ट होत नाही हे तर आपणच मागच्या तासाला शिकवलेले असते. ती उष्णता होऊन ब्रेकमध्ये शिरते आणि तिथून हवेत जाते. ब्रेककडे गतीची उष्णता करणारे यंत्र म्हणून पाहिले, की त्याच्याबद्दलचे बरेचसे प्रश्न सोपे होऊ लागतात. त्यांतल्याच एका प्रश्नाचा विचार या लेखात करू.

हल्ली मोटारींची हौस असलेले काही लोक आपली रोजची गाडी घेऊन शर्यतीच्या ट्रॅकवर जातात. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे १९९० पासून असा ट्रॅक आहे, कोइमतूरला २००३ पासून आहे, आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट २०११ साली सुरू झाला. तिथे शर्यत नसते. ठरावीक शुल्क भरायचे, हेल्मेट घालायचे आणि ज्या वेगाने रस्त्यावर कधीच जाऊ नये त्या वेगाने आपली गाडी चालवून पाहायची. याला 'ट्रॅक डे' म्हणतात. जर्मनीत तर न्यूरबुर्गरिंगचा १९२७ साली बांधलेला वीस किलोमीटरहून लांब डोंगरी ट्रॅक ठरावीक वेळी टोल भरणाऱ्या कोणालाही खुला असतो.

या मंडळींपुढे एक अडचण असते. पुण्याहून कोइमतूरला जायचे ते साध्या रस्त्याने, दिवसभर ट्रॅकवर गाडी पिटाळायची, आणि पुन्हा साध्या रस्त्यानेच घरी यायचे. या दोन्ही कामांना पुरेल असा एकच ब्रेक पॅड मिळेल का? प्रश्न हौशी लोकांचा वाटला तरी त्याचे उत्तर घाट उतरणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचे आहे.

पाय ते चकती

मोटारीच्या पुढच्या चाकांना बहुधा डिस्क ब्रेक असतात. चाकाबरोबर फिरणारी बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची चकती. तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखे धरणारा कॅलिपर. आणि कॅलिपरच्या जबड्यात चकतीकडे तोंड करून बसवलेले दोन पॅड. पॅड म्हणजे पोलादी पत्र्यावर घट्ट चिकटवलेली, सेंटीमीटरभर जाडीची घर्षणद्रव्याची वडी. आपण पायाने पेडल दाबतो, तो दाब नळ्यांतल्या ब्रेक ऑइलमधून कॅलिपरच्या दट्ट्यापर्यंत पोचतो आणि पॅड चकतीला चिमटतात. फिरणाऱ्या चकतीला विरोध करणारे बल किती, हे दोन गोष्टींवर ठरते: पॅड किती जोराने दाबला आहे आणि पॅड व चकती यांमधला घर्षणांक किती आहे.

इथे विद्यार्थी एक चांगली शंका काढू शकतात. ॲमॉन्टनने १६९९ साली मांडलेल्या नियमाप्रमाणे घर्षणबल संपर्काच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते. मग मोठ्या गाड्यांना मोठे पॅड कशाला? उत्तर पुन्हा उष्णतेत सापडते. पॅड मोठा केल्याने पकड फारशी वाढत नाही. पण तीच उष्णता जास्त जागेवर पसरते आणि झीज जास्त द्रव्यावर वाटली जाते.

दुसरी शंका गाडीवाल्यांची असते: घर्षणांक जितका मोठा तितका पॅड चांगला, नाही का? नाही. गाडीला शेवटी थांबवतो तो टायर आणि रस्ता यांमधला संपर्क. कोरड्या डांबरी रस्त्यावर साधा टायर गुरुत्वत्वरणाच्या आठ-नऊ दशांशाएवढे मंदन देऊ शकतो, त्याहून फार जास्त नाही. पॅडने चाक घसरण्याच्या सीमेपर्यंत आणले की त्याचे काम झाले. रस्त्यावरच्या कोणत्याही धड गाडीचा पॅड हे करू शकतो. ज्याच्या गाडीचे चाक ब्रेक दाबताच अडकते किंवा एबीएस चालू होते, त्याने आणखी 'कडक' पॅड आणून थांबण्याचे अंतर कमी होत नाही. पॅडची खरी परीक्षा वेगळी आहे. पहिल्या ब्रेकला जो घर्षणांक होता तो विसाव्या ब्रेकलाही राहतो का?

थोडे गणित

माणसांसकट १२०० किलोग्रॅमची गाडी घेऊ. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. तिची गतिज ऊर्जा सुमारे १६७ किलोज्यूल. ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे झुकतो, म्हणून पुढच्या ब्रेकांना अधिक काम पडते. आपण ७० टक्के धरू. पुढच्या दोन चकत्या प्रत्येकी ५ किलोग्रॅमच्या आणि लोखंडाची विशिष्ट उष्णता दर किलोग्रॅमला ४६० ज्यूल धरली, तर ६० वरून एकदा थांबल्यावर चकत्या सुमारे २५ अंश सेल्सिअसने तापतात. पुढच्या सिग्नलपर्यंत त्या बऱ्याचशा निवतात. म्हणून शहरात चकतीचे तापमान दोनशे अंशांच्या वर क्वचितच जाते.

आता तीच गाडी ट्रॅकवर नेऊ. सरळ पट्ट्यावर वेग ताशी १५०. पुढे वळण, म्हणून तो झटक्यात ६० वर आणायचा. गाडी थांबलेलीही नाही, तरी ८७५ किलोज्यूल बाहेर टाकावे लागले, आणि चकत्या एका दणक्यात सुमारे १३३ अंशांनी चढल्या. वेग अडीचपट झाला की ऊर्जा सव्वासहापट होते, हा वर्गाचा नियम इथे अंगावर येतो. त्यात अर्ध्या मिनिटाच्या आत पुढचे वळण. चकती पुरती निवत नाही, तोच पुन्हा तापते. तापमान चढत चढत अशा ठिकाणी स्थिरावते जिथे येणारी आणि जाणारी उष्णता सारखी होते, आणि ते ठिकाण ५०० ते ६०० अंशांवर असू शकते. सुमारे ५२५ अंशांनंतर तापलेली वस्तू अंधारात मंद लाल दिसू लागते. तिन्हीसांजेच्या शर्यतीत चाकांच्या आत निखारे फुललेले दिसतात ते याचमुळे.

घाटाचे गणितही इथेच करून टाकू. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटरवर आहे, खोपोली सुमारे ६० मीटरवर. साडेपाचशे मीटरचा उतार धरला तर आपल्या गाडीची स्थितिज ऊर्जा ६५ लाख ज्यूलने कमी होते. ताशी ६० वरून एकोणचाळीस वेळा थांबण्याइतकी ही ऊर्जा आहे. तिचा काही भाग हवा आणि टायर खातात. उरलेली कोणी खायची? गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर बरीचशी इंजिन खाते. न्यूट्रलमध्ये असेल तर सगळी ब्रेकवर पडते. पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये घाट उतरणारे लोक अजून भेटतात. त्यांना हे गणित जरूर करायला लावावे. २५ टनांच्या ट्रकसाठी हाच आकडा साडेतेरा कोटी ज्यूलच्या घरात जातो. त्यातून ट्रकचे ब्रेक बहुधा ड्रमचे. ड्रमच्या आतली उष्णता लवकर बाहेर पडत नाही, शिवाय तापलेला ड्रम प्रसरण पावून आतल्या लायनरपासून दूर सरकतो.

वडीत काय असते?

ब्रेकचे लायनर जन्माला आले तेही उतारावरच. इंग्लंडमधील डर्बीशर हा डोंगराळ मुलूख. तिथले गाडीवान उतारावर घोडागाडीच्या लाकडी ठोकळ्याला जुन्या बुटाचे कातडे लावून चाक दाबत. हे पाहून हर्बर्ट फ्रूड याला यापेक्षा बरे घर्षणद्रव्य करण्याची कल्पना सुचली, अशी हकीगत सांगतात. १८९७ साली त्याने उद्योग सुरू केला. पहिली लायनर डिंकराळेत भिजवलेल्या सुती पट्ट्यांची होती. मोटारी आल्या, वेग वाढला, आणि सूत करपू लागले. १९०८ मध्ये त्याने सुताच्या जागी ॲस्बेस्टॉस आणले. ते जळत नाही, म्हणून पुढची सात-आठ दशके ब्रेकमध्ये त्याचेच राज्य होते. त्याची धूळ फुप्फुसात गेल्यास कर्करोग होतो हे कळल्यावर अनेक देशांनी ते हद्दपार केले. ब्रेकमधली धूळ तोंडाने फुंकून किंवा हवेच्या पाइपने उडवून साफ करण्याची गॅरेजमधली सवय सोडायला हवी, ती याच कारणाने. धूळ ओल्या फडक्याने पुसावी.

आजच्या पॅडमध्ये दहा-वीस पदार्थ असतात. सगळ्यांना बांधून ठेवते ती फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइडपासून केलेली राळ. जुन्या काळ्या स्विचांच्या बेकेलाइटची ही सख्खी बहीण. बळकटीसाठी पोलादाचे, काचेचे किंवा ॲरॅमिडचे तंतू. चकती खरवडून स्वच्छ ठेवण्यासाठी ॲल्युमिनासारखी कठीण भुकटी, आणि ते खरवडणे हाताबाहेर जाऊ नये म्हणून ग्राफाइटसारखे वंगण. जागा भरायला बराइट. आणि कोकण-गोव्याच्या वाचकांना ओळखीचा एक पदार्थ: काजूच्या टरफलातले तेल! काजू भाजताना उडून कातडी पोळणारे हेच ते तेल. त्याचे बहुवारिक करून, दळून केलेली भुकटी पॅडमध्ये घालतात. तिच्यामुळे पॅडला थोडा मऊपणा येतो, पकड एकसारखी राहते आणि ब्रेक किंचाळत नाही. पोर्तुगिजांनी गोव्यात आणलेले झाड असे जगभरच्या मोटारींच्या चाकांत जाऊन बसले आहे.

या पदार्थांचे प्रमाण बदलले की पॅडचा स्वभाव बदलतो. राळ, ॲरॅमिड आणि काजूभुकटी जास्त असलेला 'ऑरगॅनिक' पॅड थंडीतही पहिल्याच दाबाला पकडतो, आवाज करत नाही, चकतीला जपतो. पण तीनशे-चारशे अंशांकडे जाताना त्याच्यातली राळ विघटित होऊ लागते. निघालेले वायू पॅड आणि चकती यांच्यामध्ये अडकतात, पृष्ठभागाची रचना बिघडते आणि घर्षणांक घसरतो. चालकाला पेडल पायाखाली नेहमीसारखे कडक लागते, पण गाडी थांबत नाही. याला 'ब्रेक फेड' म्हणतात. धातू जास्त असलेला 'सेमी-मेटॅलिक' पॅड त्याहून अधिक तापमान सोसतो. मात्र चकती जास्त खातो, आवाज करतो आणि चाकांवर काळी धूळ बसवतो.

खास शर्यतीचे पॅड याच्या दुसऱ्या टोकाला असतात. पाचशे-सहाशे अंशांवर त्यांचा घर्षणांक उत्तम असतो. गार असताना मात्र ते निवांत असतात. यातले काही पॅड शे-दोनशे अंश तापल्याशिवाय नीट पकडतच नाहीत. टोकाचे उदाहरण हवे असेल तर फॉर्म्युला वन गाड्यांचे कार्बन ब्रेक पाहावेत. ते हजार अंशांजवळही काम करतात, पण तापवून घेतल्याशिवाय त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून ते चालक सुरुवातीच्या फेरीतच ब्रेक वारंवार दाबून तापवताना दिसतात.

आता असा शर्यतीचा पॅड लावून सकाळी कोणी कामाला निघाला, आणि घरापासून दोनशे मीटरवर शाळेसमोर एक मूल रस्त्यात धावत आले, असे समजा. वेग ताशी ५० आहे. नेहमीच्या पॅडने, पायाच्या ठरावीक जोराला, सेकंदाला ७ मीटर प्रति सेकंद एवढे मंदन मिळत असेल तर ब्रेक लागल्यापासून गाडी सुमारे १४ मीटरांत थांबते. गार शर्यती पॅडचा घर्षणांक निम्मा असेल, तर तेवढ्याच जोराला २८ मीटर लागतात. चालक पाय आणखी जोराने दाबेल हे खरे, पण ते लक्षात येण्यातच काही मीटर जातात. या कारणासाठी शर्यतीचा पॅड रस्त्यावर आणू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पैसे किंवा आवाज हे नंतरचे मुद्दे.

ब्रेक ऑइलचे वेगळे दुखणे

फेडसारखेच दिसणारे, पण कारण निराळे असलेले आणखी एक संकट आहे. पॅडची उष्णता दट्ट्यातून ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. नेहमीचे ब्रेक ऑइल ग्लायकॉल जातीचे असते आणि ते हवेतले पाणी शोषून घेते. 'डॉट ४' प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनांक किमान २३० अंश असावा लागतो. चार टक्क्यांच्या आतबाहेर पाणी शोषले की ही किमान मर्यादा १५५ वर येते. 'डॉट ३' साठी हेच आकडे २०५ आणि १४०, तर 'डॉट ५.१' साठी २६० आणि १८० आहेत. ऑइल उकळले की नळीत वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. त्यामुळे पाय पेडलसकट खालपर्यंत जातो आणि चाकापर्यंत दाब पोचतच नाही. पेडल कडक पण गाडी थांबेना, तर दोष पॅडचा. पेडल लिबलिबीत होऊन तळाला गेले, तर दोष ऑइलचा. एवढा फरक ध्यानात ठेवला तरी पुष्कळ आहे.

म्हणून ट्रॅकवर जाणाऱ्याने पॅडच्याही आधी ब्रेक ऑइल बदलावे. घाटातून रोज ये-जा करणाऱ्यांनीही दोन वर्षांत एकदा ते बदलून घ्यावे. खर्च फार नसतो, तरी हे काम सर्वांत जास्त टाळले जाते.

मग निवड कशी करायची?

काही पॅडच्या कडेवर दोन इंग्रजी अक्षरे छापलेली असतात. पहिले अक्षर बेताच्या तापमानाचा घर्षणांक सांगते, दुसरे अधिक तापमानाचा. 'ई' म्हणजे ०.२५ ते ०.३५, 'एफ' म्हणजे ०.३५ ते ०.४५, 'जी' म्हणजे ०.४५ ते ०.५५. 'एफई' असे लिहिलेला पॅड तापल्यावर ढिला पडतो. 'एफएफ' दोन्हीकडे सारखा. शिक्षकांनी वर्गात दाखवण्याजोगी ही गोष्ट आहे. एखाद्या गॅरेजमधून झिजलेला पॅड सहज मिळतो. मात्र ही चाचणी पॅडच्या लहानशा तुकड्यावर आणि साडेतीनशे अंशांच्या आतच होते. ट्रॅकवरच्या पाचशे अंशांबद्दल ही अक्षरे काहीच सांगत नाहीत. त्यासाठी उत्पादकाने दिलेला घर्षणांक आणि तापमान यांचा आलेख पाहावा लागतो. आलेखाचे शिखर किती उंच आहे याला फार महत्त्व देऊ नये. तो डावीकडे, तीस-चाळीस अंशांवर, कुठून सुरू होतो आणि उजवीकडे कुठे कोसळतो ते पाहावे. डावी बाजू आलेखात दाखवलेलीच नसेल तर तो पॅड रस्त्यासाठी नाही असे समजावे.

दोन टोकांच्या मधले पॅडही मिळतात. ते गार असताना बऱ्यापैकी पकडतात आणि चारशे-पाचशे अंशांपर्यंत तग धरतात. लहान, हलकी गाडी, वर्षातून एक-दोनदा ट्रॅक, आणि पंधरा-वीस मिनिटांच्या छोट्या खेपा, असे असेल तर मधला पॅड आणि ताजे ब्रेक ऑइल पुरते. गाडी जड आणि वेगवान असेल किंवा ट्रॅकवर वारंवार जाणे असेल, तर एकच पॅड शोधण्याचा नाद सोडावा. पॅडचे दोन संच ठेवावेत: रस्त्याच्या पॅडवर तिथपर्यंत जायचे, तिथे पॅड बदलायचे, परतताना पुन्हा बदलायचे. काम सरावाच्या माणसाला तासाभराचे आहे. नुसत्या पुढच्या चाकांना जहाल पॅड लावून मागचे तसेच ठेवले तर पुढच्या-मागच्या ब्रेकांचा मेळ बदलतो, हेही विसरू नये.

पॅड बदलण्यात एक मेख आहे. ब्रेकचे घर्षण निव्वळ खरवडण्याचे नसते. पॅडमधल्या द्रव्याचा अगदी पातळ थर चकतीवर चढतो, आणि पुढे पॅड त्या थरावर घासतो. नव्या पॅडसाठी हा थर मुद्दाम तयार करावा लागतो: मोकळ्या रस्त्यावर ८० वरून २० पर्यंत वेग उतरवत आठ-दहा वेळा ब्रेक लावायचा, मध्ये पूर्ण थांबायचे नाही, आणि मग ब्रेक निवेपर्यंत गाडी सावकाश चालवायची. उत्पादकाची कृती वेगळी असेल तर तीच करावी. या पहिल्या तापण्यात राळेतले उरलेसुरले वायूही निघून जातात. नवा पॅड लावून थेट ट्रॅकवर गेलेल्यांना तिसऱ्या-चौथ्या वळणावर फेडचा धक्का बसतो, तो या वायूंमुळे. एका जातीच्या थरावर दुसऱ्या जातीचा पॅड नीट चालेलच असे नाही, म्हणून संच बदलला की ही क्रिया पुन्हा करावी लागते. थर कमीजास्त जाडीचा बसला तर ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरते. तेव्हा गॅरेजमध्ये 'डिस्क वाकली' असे सांगतात; पुष्कळदा चकती सरळच असते.

मोटार नसलेल्या शाळेला सायकल पुरते. सायकलीसह ८० किलोग्रॅमचा स्वार २० मीटर उंचीचा उतार ब्रेक दाबत हळूहळू उतरला, तर सुमारे १५,७०० ज्यूल ऊर्जा रिममध्ये जाते. एकाच ब्रेकने आणि पाऊण किलोच्या लोखंडी रिमने ती सगळी घेतली, तर रिम ४५ अंशांनी तापायला हवी. प्रत्यक्षात ती कमी तापते. का, ते मुलांना शोधू द्यावे. खाली उतरल्यावर रिमला बोट लावण्याआधी हाताचा पंजा जवळ नेऊन ऊब पाहावी.

ट्रॅकवरची शेवटची फेरी ब्रेकला शक्यतो हात न लावता, सावकाश मारायची असते, म्हणजे वाहत्या हवेने चकत्या निवतात. गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नये. तापलेला पॅड चकतीवर एकाच जागी दाबला गेला तर तिथे द्रव्याचा डाग बसतो, आणि मागच्या ब्रेकची उष्णता ऑइलकडे जाते. गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि चाकाला दगडाची उटी लावावी. तासाभराने पॅडची जाडी पाहावी. घर्षणद्रव्य तीन मिलिमीटरहून कमी उरले असेल, तर त्या पॅडवर परतीचा प्रवास करू नये.